स्विचला पत्ता कुणी दिला? तीन दस्तऐवजांचं चिकित्सक वाचन

पीएच.डी.च्या तयारीला लागलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "पेपर वाचा." कोणते, किती, कसे, हे नंतर कळतं. पण प्रयोगशाळेत टेबलाखाली धूळ खात पडलेल्या स्विचचं मॅन्युअल वाचा, असं कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. त्याची किंमत मी अकरा दिवसांचा डेटा आणि परिषदेला पाठवलेला एक गोषवारा अशी मोजली.

म्हणून आज नेहमीसारखं एखाद्या पेपरचं परीक्षण नाही. आज तीन दस्तऐवज घेऊ, जे संशोधक सहसा 'वाचायची गोष्ट' मानत नाहीत: मॅनेज्ड स्विचसोबत येणारी छोटी मार्गदर्शिका, खासगी पत्त्यांविषयीचं आरएफसी १९१८ आणि डीएचसीपीचं आरएफसी २१३१. प्रश्न एकच: स्विचला आयपी पत्ता कुणी द्यायचा, आणि या तिघांपैकी कोण त्याचं उत्तर नीट देतं?

ज्यांचा विषय नेटवर्किंग नाही त्यांनीही थांबा. हा लेख शेवटी मोजमापाबद्दल आहे.

आधी थोडी पूर्वतयारी

स्विचचं मूळ काम आयपी पत्त्याशिवाय चालतं. एका पोर्टवर फ्रेम आली, तिच्यातला मॅक पत्ता बघितला, योग्य पोर्टवर पाठवली. संपलं. साधा, म्हणजे अनमॅनेज्ड स्विच आयुष्यभर हेच करतो. पोस्टमनला पत्रं वाटण्यासाठी स्वतःच्या घराचा पत्ता सांगावा लागत नाही, तसंच.

पण त्या पोस्टमनलाच निरोप द्यायचा असेल तर? 'आज किती पत्रं वाटलीस?' असं विचारायचं असेल तर? मग त्यालाही पत्ता लागतो. मॅनेज्ड स्विचचा आयपी पत्ता हा असा आहे. एसएसएच किंवा ब्राउझरमधून आत शिरायला, एसएनएमपीने पोर्टचे आकडे वाचायला, लॉग दुसरीकडे पाठवायला, घड्याळ जुळवायला. हा पत्ता सहसा कुठल्या एका पोर्टला नसतो. तो स्विचच्या आतल्या एका आभासी इंटरफेसला असतो, आणि तो इंटरफेस एका व्हीलॅनशी बांधलेला असतो.

यातून एक गोष्ट निघते, ती लक्षात ठेवा. पत्ता चुकला तरी स्विच चालूच राहतो. इंटरनेट बंद पडत नाही, कुणाची तक्रार येत नाही. फक्त तुम्ही ज्याच्याशी बोलताय असं तुम्हाला वाटतं, तो कदाचित दुसराच कुणीतरी असतो.

माझे अकरा दिवस

मी एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स. संशोधनाचा एक भाग असा होता की सेन्सर्सचा डेटा ज्या स्विचमधून जातो, त्याच्या एका पोर्टवरची रहदारी दर पाच मिनिटांनी नोंदवायची. स्क्रिप्ट साधी होती. एसएनएमपीने पोर्टवर आत आलेल्या बाइट्सचा आकडा विचारायचा, मागच्या आकड्यातून वजा करायचा, ३०० सेकंदांनी भागायचं.

हा आकडा ३२ बिटांच्या काउंटरमध्ये असतो. तो ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत पोचला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. १०० मेगाबिटचा दुवा पूर्ण भरून वाहिला तरी असं व्हायला साधारण ३४३ सेकंद लागतात, म्हणजे पाच मिनिटांत जास्तीत जास्त एकदाच. म्हणून स्क्रिप्टमध्ये मी लिहिलं होतं: नवा आकडा जुन्यापेक्षा लहान आला, तर त्यात ४,२९,४९,६७,२९६ मिळव. अगदी पुस्तकी पद्धत. मला त्याचा अभिमानही होता.

पहिले काही आठवडे आलेख सपाट होता, दोन मेगाबिटच्या आसपास. मग एका पावसाळी रात्री वीज गेली, पहाटे आली, आणि आलेखात शिखरं दिसू लागली. मध्येच एक उंच शिखर, मग बराच वेळ जवळजवळ शून्य, मग आणखी एक शिखर, मग पुन्हा नेहमीची पातळी. उंची दर वेळी वेगळी. मी खूश.

खूश का, तेही सांगते. लेलंड, तक्कू, विलिंगर आणि विल्सन यांचा १९९४ चा प्रसिद्ध पेपर मी नुकताच वाचला होता. ईथरनेटची रहदारी 'स्व-सदृश' असते, म्हणजे सेकंदांच्या मापात बघा किंवा तासांच्या, झटके येतच राहतात, असं त्यात बेलकोरमधल्या मोजमापांवरून दाखवलंय. चालू-बंद होणाऱ्या स्रोतांवरून या झटक्यांचं स्पष्टीकरण देणारं पुढचं कामही वाचलं होतं. आणि माझ्या आलेखात शिखर, शांतता, शिखर! वाचलेलं डोळ्यांसमोर दिसायला लागलं की माणूस प्रश्न विचारायचं थांबतो.

काही शिखरं १०० मेगाबिटच्या वर जात होती. दुवाच १०० चा. म्हणजे ती अशक्य होती. मी काय केलं? 'आउटलायर' म्हणून काढून टाकली. हे वाक्य लिहिताना आजही हात अडखळतो.

गोषवारा पाठवला. गटाच्या बैठकीत आलेख दाखवला. मागे प्रयोगशाळा सहाय्यक काका केबल गुंडाळत उभे होते. त्यांनी सहज विचारलं, "मॅडम, हा कुठला स्विच? खिडकीजवळचा की कपाटावरचा?"

मी पत्ता सांगितला.

"ते झालं हो. पण तो पत्ता तर दोघांचा आहे ना?"

झालं काय होतं?

खिडकीजवळचा जुना स्विच कारखान्यातून आलेल्या पत्त्यावरच चालू होता. कुणी तो बदलला नव्हता आणि कुणाचं अडलंही नव्हतं. कपाटावरचा त्याच मॉडेलचा, नंतर आलेला. तो डीएचसीपीवर ठेवला होता आणि त्याच्यासाठी सर्व्हरवर एक पत्ता राखून ठेवला होता. डीएचसीपी सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला एक जुना पीसी.

वीज आली. स्विच मिनिटभरात उभा राहिला. पीसीला वेळ लागला. स्विचने 'मला पत्ता द्या' म्हणून हाका मारल्या, उत्तर आलं नाही. मग त्याने कारखान्यातला ठरलेला पत्ता घेतला आणि पुन्हा विचारलंच नाही. तोच पत्ता खिडकीजवळच्या स्विचचा. एका नेटवर्कवर, एका पत्त्यावर, दोन यंत्रं.

माझा संगणक त्या पत्त्याचा मॅक शोधायला एआरपी वापरत होता. डेव्हिड प्लमर यांनी १९८२ मध्ये आरएफसी ८२६ मध्ये मांडलेली ही पद्धत भोळी आहे. आधी नोंद असलेल्या पत्त्याबद्दल नवा निरोप आला, तर जुनी नोंद खोडून नवी ठेवायची. दोघांपैकी कोण खरा, हे ती विचारत नाही. त्यामुळे माझी स्क्रिप्ट कधी खिडकीजवळच्या स्विचचा आकडा वाचायची, कधी कपाटावरच्याचा. दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांतून वजा होत होते. फरक ऋण आला की माझी पुस्तकी पद्धत त्यात ४,२९,४९,६७,२९६ मिळवायची आणि एक सुबक शिखर तयार व्हायचं. मधली शांतता म्हणजे कपाटावरच्या स्विचचं रिकामं पोर्ट.

खूण आलेखातच होती. एका स्विचवरून दुसऱ्यावर जातानाचं शिखर आणि परत येतानाचं शिखर, या दोघांची उंची दर वेळी वेगळी असली तरी बेरीज मात्र ११५ मेगाबिटच्या आसपासच यायची. ४,२९,४९,६७,२९६ ला ८ ने गुणा, ३०० ने भागा: सुमारे ११४.५ मेगाबिट प्रति सेकंद. उरलेलं थोडंसं म्हणजे मधल्या वेळेतली खरी रहदारी. माझा 'निष्कर्ष' म्हणजे माझ्याच स्क्रिप्टमधली एक स्थिर संख्या होती.

आता त्या तीन दस्तऐवजांकडे वळू. माझी चूक माझीच आहे, ती मी कुणावर ढकलत नाही. पण अशा चुकीला जागा कोणत्या मजकुराने ठेवली, हे बघणं हे समीक्षेचं काम आहे.

पहिला दस्तऐवज: छोटी मार्गदर्शिका

या मार्गदर्शिकांचं स्वरूप जवळजवळ सारखं असतं. एक केबल घ्या, संगणक स्विचला जोडा, संगणकाला त्याच सबनेटमधला पत्ता द्या, ब्राउझरमध्ये स्विचचा मूळ पत्ता टाका, पासवर्ड बदला. चित्रात एक संगणक, एक स्विच, मध्ये एक रेघ.

त्या चित्रातच अडचण आहे. मजकुराने एक गृहीतक धरलंय आणि ते कुठेच लिहिलेलं नाही: जगात एकच स्विच आहे. मूळ पत्ता ही कल्पना तेवढ्यापुरती उत्तमच आहे. खोक्यातून काढलेल्या यंत्राशी बोलायला काहीतरी ठरलेलं ठिकाण हवं. पण दुसरा स्विच आला की तोच पत्ता सापळा होतो.

मी वाचलेल्या मार्गदर्शिकांमध्ये पासवर्ड बदलण्यावर ठळक इशारा होता, पत्ता बदलण्यावर नव्हता. पासवर्ड हा सुरक्षेचा विषय मानला जातो, पत्ता सोयीचा. मोजमाप करणाऱ्यासाठी मात्र पत्ता म्हणजे उपकरणाची ओळख. थर्मामीटरवर क्रमांक नसेल तर आपण त्याचं वाचन नोंदवहीत घेऊ का?

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. डीएचसीपीचं उत्तर न मिळाल्यास ठरलेला मूळ पत्ता घ्यायचा, ही तरतूद सोय म्हणून दिलेली असते. पण 'तो पत्ता आधीच कुणाकडे आहे का?' ही तपासणी त्याआधी होते की नाही, यावर मार्गदर्शिका गप्प. ही तपासणी काही अवघड नाही. २००५ च्या आरएफसी ३९२७ मध्ये १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते स्वतःहून घेण्याची रीत आहे, आणि त्यात आधी नेटवर्कला विचारून खात्री करायची अट आहे. २००८ च्या आरएफसी ५२२७ ने तीच दक्षता सर्वच पत्त्यांसाठी मांडली. म्हणजे ज्ञान होतं. ते खोक्यातल्या कागदापर्यंत पोचलं नाही.

दुसरा दस्तऐवज: आरएफसी १९१८ आणि त्यामागचं भांडण

आता तिघांतला माझा सगळ्यात आवडता. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते 'खासगी' का, याचं उत्तर इथे आहे. पहिल्या गटात १,६७,७७,२१६ पत्ते, दुसऱ्यात १०,४८,५७६, तिसऱ्यात ६५,५३६. आपल्या घरच्या राउटरपासून कॉलेजच्या स्विचपर्यंत सगळे यांतलेच.

ही कथा मार्च १९९४ मध्ये सुरू होते. रेख्तर, मॉस्कोविट्झ, कॅरेनबर्ग आणि डी ग्रूट यांचं आरएफसी १५९७ आलं. मुद्दा असा: आयपी पत्ते संपत चाललेत, आणि प्रत्येक यंत्राला जगभर एकमेव पत्ता लागतोच असं नाही. त्यांची उदाहरणं बघा. विमानतळावरचे आगमन-निर्गमनाचे फलक, दुकानांतली गल्ल्याची यंत्रं, संस्थेच्या आतल्या राउटर्सचे इंटरफेस. यांच्याशी बाहेरच्या जगाला थेट बोलायचं नसतं. स्विचचं नाव त्यात नाही, पण स्विचचा व्यवस्थापन-पत्ता याच पंगतीत बसतो.

जुलै १९९४ मध्ये त्याला उत्तर आलं, आरएफसी १६२७. शीर्षकातच '१० क्रमांकाचं नेटवर्क घातक आहे' असा सूर. लिअर, फेअर, क्रॉकर आणि केसलर यांचा आक्षेप दुहेरी होता. पहिला तांत्रिक: पत्ता एकमेव असणं हा इंटरनेटचा पाया आहे, तो सोडलात तर उद्या दोन संस्था जोडल्या जातील तेव्हा पत्ते एकमेकांवर आदळतील आणि सगळं पुन्हा क्रमांकित करावं लागेल. दुसरा प्रक्रियेबद्दल: एवढा मोठा निर्णय खुल्या परीक्षणाशिवाय घेतला गेला.

आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ आलं. त्याने आधीची दोन्ही रद्द केली. लेखकांच्या यादीत आधीचे चौघे आहेतच, आणि पाचवं नाव आहे इलियट लिअर. टीका करणाऱ्या चौघांतलं पहिलं नाव.

संशोधनाकडे येणाऱ्या प्रत्येकाने हे तीन दस्तऐवज सलग वाचावेत असं मला वाटतं. एकूण पानं तशी थोडीच आहेत. टीकाकार पुढच्या आवृत्तीत सहलेखक होतो आणि त्या आवृत्तीत खासगी पत्ते वापरण्याचे तोटेही सविस्तर येतात, हे बघायला मिळतं. आपल्याकडे 'रिव्ह्यूअरने वाट लावली' असं म्हणायची सवय आहे. इथे ती वाट कुठे गेली तेही दिसतं.

पण आरएफसी १९१८ ला पूर्ण गुण देता येत नाहीत. त्यात एक फार चांगला सल्ला आहे: खासगी पत्त्यांचा उपगट निवडताना तो यादृच्छिक निवडा, म्हणजे उद्या दुसऱ्या संस्थेशी जोडलं जाताना टक्कर होण्याची शक्यता कमी राहील. हिशेब करून बघा. १० ने सुरू होणाऱ्या गटात २५६ पत्त्यांचे ६५,५३६ तुकडे पडतात. दोन प्रयोगशाळांनी फासे टाकून एकेक तुकडा निवडला तर तोच तुकडा निघण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक. प्रत्यक्षात आपण काय करतो? यादीतला पहिला तुकडा घेतो. तुम्ही घेतो, मी घेते, शेजारची प्रयोगशाळा घेते, आणि स्विच बनवणाराही घेतो.

सल्ला योग्य असूनही पाळला का गेला नाही? कारण तो निव्वळ सल्ला होता. त्यामागे यंत्रणा नव्हती. माणसाला यादृच्छिक निवड करता येत नाही, आणि करायची इच्छाही नसते. लक्षात ठेवायला सोपा पत्ताच हवा असतो. याचा पुरावा नंतरच्या रचनेत मिळतो. ऑक्टोबर २००५ च्या आरएफसी ४१९३ मध्ये आयपीव्ही६ साठी स्थानिक पत्त्यांची पद्धत आली, तेव्हा ४० बिटांचा यादृच्छिक भाग पत्त्याच्या रचनेतच घातला गेला. दहा वर्षांपूर्वी 'असं करा' म्हटलेलं आता 'पत्ता असाच बनतो' झालं. चांगला सल्ला आणि चांगली रचना यातला फरक मला इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच दिसलाय.

तिसरा दस्तऐवज: आरएफसी २१३१

राल्फ ड्रोम्स यांचं मार्च १९९७ चं आरएफसी २१३१ म्हणजे डीएचसीपीचा आधारग्रंथ. त्यात पत्ता देण्याचे तीन मार्ग आहेत: कायमचा आपोआप, मुदतीवर आपोआप, आणि माणसाने ठरवलेला पण डीएचसीपीने पोचवलेला. शेवटच्याला आपण 'रिझर्व्हेशन' म्हणतो.

'नेटवर्कच्या उपकरणांना डीएचसीपी वापरूच नये, आरएफसीतच लिहिलंय,' असं तुम्हाला कुणीतरी कधीतरी ठणकावून सांगेल. मला सांगितलं होतं. म्हणून मूळ मजकूर उघडला. प्रस्तावनेत एक छोटं वाक्य आहे, त्याचा आशय असा की डीएचसीपी राउटर्सची मांडणी करण्यासाठी बनवलेलं नाही. बस्स. स्विचबद्दल एक शब्द नाही. आणि 'बनवलेलं नाही' म्हणजे 'मनाई आहे' असं होत नाही. व्यवस्थापनापुरता एक पत्ता घेणारा स्विच त्या क्षणी एक साधा होस्ट असतो. ज्या वाक्याचा आधार घेऊन वर्षानुवर्षं वाद घातला जातो, ते वाक्य मुळात त्या वादाबद्दल बोलतच नाही. संशोधनात अशी उद्धृतं भरपूर भेटतील. प्रत्येक वेळी मूळ पान उघडा.

मग स्विचला डीएचसीपी द्यावं का? याच मजकुरात बाजूनेही आधार सापडतो. सर्व्हर गप्प असेल आणि आधी मिळालेल्या पत्त्याची मुदत शिल्लक असेल, तर यंत्राने उरलेल्या मुदतीत तोच पत्ता वापरायला परवानगी आहे. म्हणजे कपाटावरच्या स्विचला आपला जुना पत्ता आठवून वापरता आला असता. त्याने तसं केलं नाही, ही ते यंत्र बनवणाऱ्याची निवड. आरएफसी २१३१ ने तसं करायला सांगितलं नव्हतं.

माझी तक्रार वेगळी आहे. हा मजकूर गृहीत धरतो की सर्व्हर कुठेतरी आहे, आणि तो मिळाला नाही तर ती तात्पुरती अडचण. वीज गेल्यावर सगळं एकदम उठतं आणि कोण आधी उठेल याची शर्यत लागते, हे चित्र त्यात नाही. शिवाय स्विचच्या बाबतीत एक वर्तुळ तयार होतं: सर्व्हरपर्यंतचा रस्ताच स्विचमधून जातो. ज्याने रस्ता द्यायचा तोच पत्ता विचारत उभा. खात्रीशीर वीज असलेल्या ठिकाणी हे सुचणार नाही. आपल्याकडे जूनमध्ये एकदा वीज गेली की सुचतं.

सुरक्षेबद्दल मात्र आरएफसी २१३१ प्रामाणिक आहे. कुणीही खोटा सर्व्हर बनून पत्ते वाटू शकतो, ही कमजोरी ते स्वतःच कबूल करतं. स्वतःची मर्यादा सांगणारा दस्तऐवज कमी विश्वासाचा ठरत नाही. आपल्या प्रबंधांतल्या 'मर्यादा' या प्रकरणात एवढी सरळ वाक्यं का नसतात, हा प्रश्न स्वतःला विचारा.

मग माझं मत काय?

'हाताने पत्ता की डीएचसीपी' हा वाद मला आता दुय्यम वाटतो. शेकडो स्विच असतील, सर्व्हर जोडीने आणि यूपीएसवर असतील, तर रिझर्व्हेशन चांगलं. सगळे पत्ते एका ठिकाणी दिसतात, बदल एका ठिकाणी होतात. पाच-सात स्विच आणि कोपऱ्यातला एक पीसी असेल, तर पत्ते हातानेच द्या, आणि ते डीएचसीपीच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेर ठेवा. नाहीतर सर्व्हर तोच पत्ता एखाद्या लॅपटॉपला देऊन मोकळा होईल.

खरा प्रश्न आहे: पत्ता आणि यंत्र यांचं नातं कुठे लिहिलंय का? तिन्ही दस्तऐवजांचा समान दोष इथे आहे. पत्ता कसा द्यायचा ते सांगतात. दिलेला पत्ता खरंच त्याच यंत्राचा आहे हे तीन महिन्यांनी कसं ओळखायचं, ते सांगत नाहीत. ही त्यांची जबाबदारी नसेलही. मग ती आपली आहे.

आम्ही आता काय करतो ते सांगते. नवा स्विच आला की तो नेटवर्कला न जोडता आधी एकटा उघडतो, मूळ पत्ता बदलतो आणि त्याला नाव देतो. व्यवस्थापनासाठी वेगळं व्हीलॅन आहे, आणि त्याचा सबनेट खरोखर फासे टाकून निवडलाय. सगळे हसले, पण निवडला. भिंतीवर एक तक्ता आहे: जागा, अनुक्रमांक, मॅक, पत्ता, कुणी दिला, कधी दिला. काकांच्या अक्षरात. आणि माझी स्क्रिप्ट आता दर वाचनासोबत तीन गोष्टी जास्त नोंदवते: स्विचचं नाव, तो किती वेळ चालू आहे तो आकडा, आणि उत्तर कुठल्या मॅक पत्त्यावरून आलं.

'किती वेळ चालू आहे' हा आकडा एसएनएमपी सेकंदाच्या शंभराव्या भागात देतं. मी तो पहिल्या दिवसापासून वाचू शकत होते. खिडकीजवळचा स्विच यूपीएसवर होता, तो त्या रात्री बंद पडलाच नव्हता. कपाटावरचा पहाटे उठला होता. दोन वाचनांमध्ये तो आकडा महिन्याभरावरून काही तासांवर आला असता आणि गोष्ट पाच मिनिटांत उघडकीला आली असती. मी विचारलं नाही, कारण माझ्या गृहीतकाला त्याची गरज नव्हती.

गोषवारा मागे घेतला. गाईडना सांगायला गेले तेव्हा वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी आलेख बघितला, दोन शिखरांची बेरीज स्वतः करून बघितली आणि एवढंच म्हणाले, "काढून टाकलेले बिंदू परत घाल. तेच खरं सांगत होते." १०० च्या वरची ती शिखरं. डेटामधली सगळ्यात प्रामाणिक, आणि मी त्यांनाच हाकललं होतं.

तुम्ही संशोधनाच्या उंबरठ्यावर असाल तर एक काम सांगते, अर्धा तास लागेल. तुम्ही ज्या प्रयोगशाळेत जाता किंवा जाणार आहात, तिथे तुमचा डेटा कुठल्या यंत्रांतून येतो त्यांची यादी करा. प्रत्येकासमोर लिहा: हे तेच यंत्र आहे, हे मला कशावरून कळतं? 'पत्त्यावरून' असं उत्तर आलं, तर पुढे लिहा: पत्ता कुणी दिला?

उत्तर माहीत नसेल तर काकांना विचारा. त्यांना बहुतेक माहीत असतं.